हातात किती डॉलर आले, खात्यातून किती रुपये गेले

मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मला जिन्यात गाठून विचारतात, "काकू, डॉलर कुठून घेऊ?" बँकेच्या परकीय चलन विभागात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे लोक हक्काने विचारतात आणि मलाही ते आवडतं. विमानाच्या तिकिटात हजार रुपये वाचावेत म्हणून रात्र रात्र जागणारी माणसं चलन घेताना समोरचा सांगेल तो भाव निमूट मोजतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आज सगळं एकदा नीट लिहून काढते.

आधी "झिरो कमिशन" या पाटीविषयी. चलन बदलून देणाऱ्याची मुख्य कमाई कमिशनमध्ये नसते, भावात असते. फलकावर प्रत्येक चलनापुढे दोन आकडे असतात. एक तो तुमच्याकडून घेण्याचा, दुसरा तुम्हाला देण्याचा. या दोन आकड्यांत जेवढी फट मोठी, तेवढे तुमचे पैसे त्या फटीत गेले. समजा आज बाजारात डॉलर ९० रुपये आहे. (मोबाइलवर शोधल्यावर दिसतो तो हाच मधला भाव. त्या भावाने तुम्हाआम्हाला काउंटरवर नोटा मिळत नाहीत, त्यामुळे त्यावरून वाद घालू नका.) शहरातल्या चांगल्या ठिकाणी तो ९१.२० ला मिळाला आणि विमानतळावर ऐन वेळी ९६ ला घ्यावा लागला, तर हजार डॉलरमागे ४,८०० रुपयांचा फरक पडला. आणि जीएसटी? ९१,२०० रुपयांच्या व्यवहारात एक लाखापर्यंतच्या नियमाप्रमाणे रकमेच्या १ टक्क्यावर १८ टक्के, म्हणजे साधारण १६४ रुपये. लोक या १६४ रुपयांवरून काउंटरवर हुज्जत घालतात आणि भावाबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

म्हणून फोन करताना "आज रेट काय?" असं विचारू नका. "मला एक हजार डॉलर हवेत, सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये जातील?" असं विचारा. कॅम्प, डेक्कन, लक्ष्मी रोड अशा तीन-चार ठिकाणी फोन लावा, आपल्या बँकेलाही विचारा, आणि सगळ्यांना त्याच तासात विचारा, कारण भाव दिवसभर हलत असतो. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, तेव्हा दुकानदार स्वतःला सांभाळून जरा चढाच भाव लावतो. कामाच्या दिवशी, सकाळी अकरानंतर विचारलेलं बरं. एकीकडचा आकडा दुसरीकडे सांगितला की बहुतेक वेळा चार-आठ आणे कमी होतात. यात संकोच कसला? भाजीवालीशी आपण दोन रुपयांसाठी बोलतोच की.

घ्यायचं मात्र रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्याकडूनच, आणि पावती घेऊनच. पासपोर्ट, पॅन, तिकीट, लागू असेल तिथे व्हिसा हे सगळं मागणारा माणूस तुम्हाला त्रास देत नसतो, नियम पाळत असतो. पन्नास हजार रुपयांच्या वर रोख देऊन चलन घेता येत नाही, पैसे खात्यातूनच द्यावे लागतात. "पावती नको असेल तर अजून स्वस्त देतो" म्हणणाऱ्याच्या दुकानातून सरळ बाहेर पडा. नोटा खोट्या निघाल्या तर तुमच्या हातात काहीच राहत नाही.

बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, बाकीचं फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन आधीच भरून नेण्याच्या कार्डावर. पण मर्यादा आहे म्हणून तेवढी रोकड न्यायलाच हवी असं नाही. टॅक्सी, चहापाणी, छोटी दुकानं यापुरती रोकड ठेवा.

नोटा हातात आल्या की काउंटरवरच एकेक तपासा. इथे घाई नको. शंभर डॉलरची नवी नोट ऑक्टोबर २०१३ पासून चलनात आहे. तिच्यावर मधोमध उभी निळी पट्टी असते आणि नोट हलवली की पट्टीतल्या घंटांच्या चित्रांच्या जागी १०० हा आकडा दिसतो. जुनी नोट अमेरिकेत चालते, पण बँकॉक-बालीत घेताना खळखळ करतात. कोपरा दुमडलेली, पेनाची टिकली असलेली, मागे बारकासा शिक्का बसलेली नोट तिथे एक तर परत करतात किंवा कमी भाव देतात. आपल्याकडचे कॅशियर मोजताना नोटेवर पेन टेकवतात. ते दिसलं की तिथल्या तिथे बदलून मागा. थायलंडमध्ये तर शंभराच्या नोटेला एक भाव आणि वीस-दहाच्या नोटांना त्याहून कमी भाव असतो. त्यामुळे "सुट्टे असूदेत" म्हणून लहान नोटा घेतल्या तर तिथे तोटाच होतो.

थेट बाथ घ्यावेत की डॉलर, हा प्रश्न थायलंडला जाणारा प्रत्येक जण विचारतो. रुपयाचे डॉलर, डॉलरचे बाथ, म्हणजे दोनदा कापले जाणार, हे दिसतंच आहे. तरीही मी बहुतेकांना डॉलर सुचवते. पुण्यात बाथाला गिऱ्हाईक कमी, म्हणून त्याच्या दोन भावांतली फट मोठी. डॉलरची फट बारीक, आणि बँकॉकमध्ये डॉलर-बाथची फट त्याहून बारीक. सुवर्णभूमी विमानतळावरसुद्धा वरच्या मजल्यावरच्या बँकांच्या काउंटरपेक्षा तळमजल्याखाली, रेल्वे स्थानकाकडे जाताना लागणाऱ्या काउंटरवर भाव चांगला मिळतो. पासपोर्ट जवळ ठेवा. व्हिएतनामलाही हाच हिशोब लागू. तिथे फक्त नोटांचे रंग नीट बघा. वीस हजार आणि पाच लाख डोंगच्या दोन्ही नोटा निळसर असतात. अंधारात टॅक्सीवाल्याला एकीऐवजी दुसरी गेली, तर साठ-सत्तर रुपयांच्या जागी सोळा-सतराशे गेले.

दुबईचं उलट आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून काही जण कार्डावर डॉलर भरून नेतात. दर बांधलेला असला तरी डॉलरच्या कार्डाने दिरहमचं बिल भरलं की बहुतेक कार्डं चलनबदलाचे दोन-तीन टक्के लावतात. कार्डावर दिरहमच भरून घ्या. युरोपच्या सहलीत स्वित्झर्लंड असेल तर फ्रँक वेगळे भरा, प्राग-बुडापेस्ट असेल तर कोरुना आणि फोरिंट लागतील हे आधीच लक्षात घ्या.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट. परदेशात दुकानदार कार्डाचं मशीन पुढे करतो आणि पडद्यावर दोन पर्याय येतात: तिथल्या चलनात रक्कम आणि शेजारी रुपयांत रक्कम. रुपये बघून हायसं वाटतं, बोट तिकडेच जातं. तिथे रुपये निवडायचे नाहीत. माझ्या भाच्याने दुबईच्या हॉटेलातली पावती मला आणून दाखवली होती. वर ४०० दिरहम, खाली रुपयांतला आकडा, त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लावलेला दर, मार्कअपची, म्हणजे मूळ दरावर चढवलेल्या वाढीची, टक्केवारी आणि "हा पर्याय ग्राहकाने स्वतः निवडला आहे" असं वाक्य. सही केल्यावर तक्रारीला जागाच उरत नाही. डॉलर ९० धरला तर ४०० दिरहम म्हणजे सुमारे ९,८०० रुपये. त्यावर ६ टक्के लागले तर जवळजवळ ५९० रुपये एका जेवणामागे जास्त. शिवाय परदेशात रुपयांत व्यवहार झाला म्हणून आपली बँक आणखी १ टक्का लावू शकते. वेटर स्वतःच बटण दाबायला गेला तर हसून "लोकल करन्सी" म्हणा. चुकून रुपये निवडले गेले तर सही करण्याआधी व्यवहार रद्द करून घ्या. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथे "कन्व्हर्जन नको" हे बटण दाबलं तरी पैसे मिळतात.

साध्या क्रेडिट कार्डाला बहुधा साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे लाखामागे ४,१३० रुपये. तरीही हॉटेलच्या डिपॉझिटला आणि भाड्याच्या गाडीला तेच पुढे करा. तिथे रक्कम अडकवून ठेवतात, आणि फॉरेक्स कार्डावरचे पैसे असे आठवडाभर अडकले तर जेवायला कशाने द्याल?

प्रागमध्ये रस्त्यावर जवळ येऊन चांगला भाव सांगणाऱ्याकडे वळूनही बघू नका. तिथे पर्यटकांच्या हातात बेलारूसच्या जुन्या, बाद नोटा टेकवल्याचे प्रकार झालेले आहेत. चलन बदलण्याच्या दुकानात फसल्यासारखं वाटलं तर चेक प्रजासत्ताकात, म्हणजे प्राग ज्या देशात आहे तिथे, एप्रिल २०१९ पासून एक चांगला कायदा आहे: १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, पावती दाखवून, रद्द करता येतो.

परत आल्यावर नाणी कुणी घेत नाही, ती विमानतळावरच खर्चून या. उरलेल्या नोटांपैकी २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत परत कराव्या लागतात. वर्षभरात पुन्हा जायचं असेल तर विकू नका, कारण विकताना फलकावरचा खालचा भाव मिळतो. मात्र कपाटात वर्षानुवर्षं ठेवूही नका. अनेक घरांत लंडनच्या नातेवाइकांनी दिलेले कागदी वीस आणि पन्नास पौंड अजून पाकिटात जपून ठेवलेले दिसतात. त्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. बँक ऑफ इंग्लंडकडे त्या आजही बदलून मिळतात, तेव्हा कुणी लंडनला निघालं असेल तर आधी ते पाकीट शोधा.