तुम्ही विचारलेत म्हणून: मागे एक पाटा का वाढवत नाही?

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत लिलावाच्या रांगेत गाडी उभी केली, की शेजारच्या गाडीचा मालक हमखास खाली उतरतो, माझ्या पिकअपच्या मागच्या चाकाशी वाकून पाहतो आणि विचारतो, "भाऊ, गाडीचं सगळं काम तुम्ही घरीच करता म्हणे. मग मागं एक पाटा का नाही वाढवून घेतला?" पाटा म्हणजे चाकाच्या वर गाडीचा भार पेलणारी स्प्रिंगची पोलादी पट्टी; अशा पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर गाडीची मागची बाजू तोललेली असते. रांग पुढे सरकत असते, त्यामुळे मी "नको वाटतं" एवढेच म्हणून वेळ निभावतो. प्रश्न मात्र खरा आहे आणि विचारणारा आपुलकीने विचारतो, म्हणून त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढत आहे.

माझी गाडी २००७ सालची बोलेरो पिकअप आहे. तिचे २५२३ सीसीचे डिझेल इंजिन चार सिलिंडरचे आहे. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर, म्हणजे इंची मापात बरोबर साडेतीन आणि चार इंच. डिझेलचा पंप यांत्रिक आहे आणि गाडीत कुठेही संगणक नाही. पान्यांचा एक संच, गोट्या (सॉकेट), एक मल्टिमीटर, दोन भक्कम घोड्या (उचललेल्या गाडीला खालून द्यायचे लोखंडी आधार) आणि रविवारची मोकळी सकाळ एवढ्या भांडवलावर या गाडीची बरीचशी कामे अंगणात होतात. नोझल आणि पंपाचे काम मी कधीच हाती घेत नाही, कारण त्यांना तपासणीचे यंत्र लागते. डिझेलमध्ये धरलेली एअर काढणे, व्हील सिलिंडर बदलणे, क्लचची केबल, सेल्फ (स्टार्टर), वायरिंग आणि पत्र्याचे किरकोळ काम ही सगळी कामे मात्र मी स्वतः करतो.

पाटाही मी एकदा वाढवला होता, आणि आजचे माझे उत्तर त्या अनुभवातूनच आले आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी गाडी मागून बसल्यासारखी दिसू लागली. भरल्यावर तर डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटे खाली जात असे. ती का बसते आहे हे आधी शोधायला हवे होते. मी ते केले नाही आणि जुन्या बाजारातून दहा मिलिमीटर जाडीचे दोन पाटे आणून दोन्हीकडे एकेक घातला. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे इतर मापे तीच ठेवून आठ मिलिमीटरऐवजी दहा मिलिमीटरचा पाटा घेतला, तर तो जवळजवळ दुप्पट ताठ होतो. हे गणित मला तेव्हा माहीत नव्हते. गाडी मात्र सरळ उभी राहू लागली. साठ क्रेट भरूनही मागची बाजू खाली जात नाही हे पाहून काम उत्तम झाले, असे मला वाटले.

पहिला इशारा कसारा घाटात मिळाला. माल घेऊन वाशीला निघालो होतो आणि उतारावर ब्रेकचे पेडल टणक लागत असूनही गाडी नेहमीसारखी थांबत नव्हती. पुढच्या चाकांकडून जळका वास येत होता. परत आल्यावर एका गॅरेजमध्ये ब्रेकची हवा काढून घेतली आणि पुढचे पॅड बदलले. फरक पडला नाही. दुसऱ्यांदा हवा काढली, तरीही नाही. नवे पॅड तर एका हंगामातच निम्म्याहून अधिक झिजले.

शेवटी एका संध्याकाळी गाडी भरलेली असतानाच, चाकांना लाकडी ठोकळे लावून, बॅटरीच्या उजेडात मी मागे खाली वाकून पाहिले. मागच्या ॲक्सलच्या वर, चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. फिटर त्याला एलएसपीव्ही (लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह) म्हणतात. त्याच्यापासून एक बारीक दांडी निघून ॲक्सलला जोडलेली असते. गाडी भरली, की चॅसी खाली बसते, चॅसी आणि ॲक्सल यांमधले अंतर कमी होते, दांडी व्हॉल्व्हचा दांडा फिरवते आणि मागच्या ब्रेकला पूर्ण दाब मिळतो. गाडी रिकामी असली, की तोच व्हॉल्व्ह मागचा दाब मर्यादित ठेवतो. तसे झाले नाही, तर हलकी मागची चाके ब्रेक मारताच जाम होतील आणि गाडी मागून घसरेल. वजन किती आहे हे या व्हॉल्व्हला वेगळे कळत नाही, तो फक्त उंची ओळखतो. त्या संध्याकाळी हौद्यात बाराशे किलो माल होता आणि ती दांडी मात्र रिकाम्या गाडीत असते त्याच कोनात उभी होती. माझ्या वाढीव पाट्यांनी चॅसी इतकी उचलून धरली होती, की व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच होती. भरलेली गाडी घाटात जवळपास एकट्या पुढच्या ब्रेकवर उतरत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या गाडीत माझा मुलगाही शेजारी बसून आला होता.

दुसऱ्याच दिवशी पाटे काढायला घेतले. हे काम करणाऱ्यांसाठी ते थोडे सविस्तर सांगतो. यू-बोल्टच्या (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) नटांना आदल्या दिवशी डिझेल आणि जुने ऑइल मिसळून पाजले, तरी चारांपैकी दोन नट हलले नाहीत आणि ते यू-बोल्ट ग्राइंडरने कापावे लागले. कापले नसते तरी ते परत वापरायचे नव्हतेच, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही. गाडी घोड्यांवर चॅसीपासून उचललेली आणि ॲक्सल खालून जॅकवर तोललेला असावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. पाट्यांचा गठ्ठा बाहेर काढल्यावर त्याच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट सोडण्याआधी दोन्ही बाजूंना क्लॅम्प आवळले, कारण पाटे एकमेकांवर दाबून बसवलेले असतात आणि बोल्ट सुटताच ते उसळतात. मग क्लॅम्प हळूहळू सैल करत गेलो आणि पाटे एकेक करून वेगळे झाले.

डाव्या गठ्ठ्यातला वरून दुसरा पाटा हातात घेऊन वायर ब्रशने घासला, तेव्हा गाडी बसण्याचे मूळ कारण दिसले. सेंटर बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी तांबूस रेघ गेली होती. बोटाने पुसून पाहिली, तरी पुसली जाईना. पाटा दोन्ही टोकांना धरून किंचित वाकवला, तशी ती रेघ उघडली आणि आत गंजाची पूड दिसली. म्हणजे पाटा फार आधी तडकला होता, आणि मी त्याच्या जोडीला दुसरा जाड पाटा देऊन तो तडा झाकून ठेवला होता. एवढेच नव्हते. ताठ पाट्यांमुळे रिकाम्या गाडीचा प्रत्येक धक्का आता पाट्यांत न जिरता थेट चॅसीवर जात होता, आणि मागच्या शॅकलच्या (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी हलती कडी) ब्रॅकेटपाशी चॅसीच्या पत्र्याला बारीक चीर पडायला लागली होती. ते काम मी चॅसीचे वेल्डिंग करणाऱ्या जाणत्या मिस्त्रीकडून करून घेतले. अशा जागी माझ्या हातचे वेल्डिंग मला मान्य नाही.

दोन्ही बाजूंना कंपनीने ठरवलेल्या मापाचे आणि तितक्याच संख्येचे नवे पाटे, नवे बुश (पाट्यांच्या टोकांतल्या रबरी नळ्या) आणि नवे यू-बोल्ट घातले. नट चौकडीने, थोडे थोडे, आलटून पालटून आवळले आणि शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी असताना दिला. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर ते पुन्हा तपासले, तेव्हा प्रत्येक नट जवळजवळ पाव फेरा फिरला. हे पुन्हा आवळणे बहुतेक जण विसरतात आणि मग सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकला, की दोष पाट्यांना देतात.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. जादा भाराचा दंड त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा आहे. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस करावे लागते. मी पाटा काढला तो मात्र यांपैकी कशामुळेही नाही, त्या दांडीच्या कोनामुळे काढला.

मग गाडीत मी काहीच बदल केले नाहीत का, असे पुढे विचारले जाते. केले आहेत. ज्या बदलाने गाडीवरचा भार, तिची उंची किंवा तिचे थांबणे बदलत नाही आणि जो एका दिवसात पूर्ववत करता येतो, तो मी आनंदाने करतो.

त्यांतला मला सर्वात मोलाचा वाटणारा बदल हेडलाइटचा आहे. पहाटेच्या लिलावासाठी रात्री निघावे लागते आणि जुन्या गाडीचा उजेड पिवळट, मेणबत्तीसारखा झालेला असतो. लोक अशा वेळी शंभर वॅटचे बल्ब घालतात आणि काही महिन्यांत स्विच जळतो. मी आधी मोजले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि बल्बच्या सॉकेटवर १२.१. साठ वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे दहा अँपिअर प्रवाह घेतात आणि तो सगळा सोळा-सतरा वर्षांच्या स्विचमधून आणि बारीक तारेतून जात होता. व्होल्टेज दहा टक्के घटले, की अशा बल्बचा प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास घटतो; माझे बारा टक्के घटले होते, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त उजेड तारेतच हरवत होता. दोन रिले (हलक्या प्रवाहावर चालून जड प्रवाह जोडणारे स्विच) घेतले, बॅटरीपासून फ्यूज लावून अडीच चौरस मिलिमीटरची नवी तार ओढली आणि जुन्या स्विचकडे फक्त रिले चालवण्याचे हलके काम ठेवले. बल्ब तेच, मूळ वॅटचेच. सॉकेटवर आता १३.४ व्होल्ट मिळतात, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून भिंतीसमोर उभे राहून फोकसही पुन्हा लावला.

सेल्फचेही असेच. तो जड फिरू लागला, तेव्हा बॅटरी आणि सेल्फ दोन्ही बदलण्याचा सल्ला मिळाला होता. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारला, तर दीड व्होल्ट दिसले. तिथे ते अर्ध्या व्होल्टच्याही आत असायला हवेत. इंजिन आणि चॅसी यांमधली अर्थिंगची पट्टी हिरवी पडली होती. ती बदलली आणि जागा घासून चकचकीत केली. बॅटरी अजून तीच आहे.

हौद्यात मी लाकडी फळ्या टाकल्या आहेत आणि त्यांचे वजन मालाच्या वजनात धरतो. आधी रबरी मॅट होती. पोटॅशच्या गोण्यांतून सांडलेले खत त्या मॅटखाली ओलाव्यात साचून राहत असे, आणि त्यातल्या क्लोराइडमुळे फाळक्याजवळच्या दोन्ही कोपऱ्यांत पत्रा चाळणीसारखा झाला होता. तो भाग कापून नवा पत्रा लावला, रेडऑक्साइडचे दोन हात दिले, पाणी निघून जाण्याची बुजलेली भोके मोकळी केली. आता खताची खेप झाली, की फळ्या उचलून हौदा धुतो.

तुमची गाडी मागून बसत असेल, तर पाटा आणायला जाण्याआधी एवढे करा. गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करा, चारही टायरांची हवा सारखी करा आणि मागच्या ॲक्सलपासून वरच्या रबरी ठोकळ्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. दोन्हीकडे बरोबरीने कमी असेल, तर पाटे थकले आहेत. एकाच बाजूला कमी असेल, तर त्या बाजूचा पाटा तडकला आहे, बुश संपला आहे किंवा शॅकल अडकला आहे. पाटे बदलल्यानंतर ती दांडी आणि व्हॉल्व्ह पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे लावून घ्या. मी ही मापे डॅशबोर्डच्या खणातल्या वहीत दर हंगामाच्या सुरुवातीला लिहितो. यंदा डावी आणि उजवी यांत तीन मिलिमीटरचा फरक आला आहे, म्हणून येत्या रविवारी डावीकडचा शॅकल उघडून पाहणार आहे.