शुगर ५८ आणि काका खूश

"अगं, डायबेटिस पळाला बघ माझा!"

मीटरवर ५८. अंगाला दरदरून घाम, हात थरथरतायत, आणि काकांचा चेहरा मात्र बोर्डात आल्यासारखा.

काकू शहाळं फोडायला उठल्या. त्यांना थांबवलं, शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि काकांची किडनी कमजोर, त्यांना ते जपून. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी ९२.

किडनी मंदावली की इन्सुलिनचा निचरा नीट होत नाही, नेहमीचाच डोस जास्त वेळ काम करत राहतो. मधुमेह कुठला पळतोय? डोस बदलायला हवा असतो. डॉक्टरांनी फोनवरच रात्रीचं इन्सुलिन कमी केलं.

३०० आली की आपल्याकडे अख्खं घर हादरतं. मग ७० च्या खाली गेल्यावर पेढे का वाटावेसे वाटतात?