सिंगापूर ते न्यूयॉर्क: दोरा ध्रुवावरून, विमान पॅसिफिकवरून

निघण्याआधी पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला होता. एक टोक सिंगापूरच्या चांगी विमानतळावर, दुसरं न्यूयॉर्कच्या जेएफकेवर. दोरा ताठ झाला आणि थेट उत्तर ध्रुवापाशी जाऊन बसला. चांगी १०४ अंश पूर्वेला, जेएफके ७४ अंश पश्चिमेला. दोन्ही जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर. मग जवळची वाट ध्रुवावरूनच असणार. अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर.

म्हणून जानेवारीतल्या त्या दुपारी समोरच्या पडद्यावरची रेघ ध्रुवाकडे न जाता जपानच्या दिशेने वळली, तेव्हा मी चकितच झाले. उत्तर थोड्या वेळाने तिथेच दिसलं. जपानजवळ विमानाचा जमिनीच्या हिशेबातला वेग ताशी १,१०० किलोमीटरच्या वर गेला. एरवी असं विमान ताशी ९०० च्या आसपास उडतं. वरचे दोनशे वाऱ्याचे! दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हिवाळ्यात जपानच्या आसपास फार जोरात असतो. तो पाठीशी घ्यायचा म्हणून वैमानिक लांबची वाट धरतात. तिकिटावर साडेअठरा तास लिहिले होते. आम्ही हवेत होतो सतरा तास दहा मिनिटं.

विमान एअरबस ए३५०-९००चा खास लांब पल्ल्याचा प्रकार होता. इंधन १,६५,००० लिटरपर्यंत मावतं, आणि वजन आवरायला जागा फक्त १६१. इकॉनॉमी वर्ग नाहीच. त्यामुळे तिकीट महाग पडतं, पण इतक्या तासांत पाय लांब करता येणं ही चैन नाही, गरज आहे, असं माझं स्पष्ट मत झालं.

त्या प्रवासातलं आकाश मात्र विसरणार नाही. निघाल्यावर तीन-चार तासांतच सूर्य मावळला. मग समुद्रावरची रात्र, जेमतेम आठ तासांची. उत्तर अमेरिकेचा किनारा आला तेव्हा खिडकीच्या कडेला तांबडं फुटलं. मधे वाररेषा ओलांडली होती, त्यामुळे तारीख तीच! एकाच तारखेला सूर्य मावळताना पाहिला, मग उगवताना पाहिला, आणि न्यूयॉर्कला उतरताना तो परत मावळतीला आला होता.

परतीला वाटलं, आता त्याच वाटेने वाऱ्याच्या तोंडावर जायचं. पण रात्री उड्डाण झालं ते अटलांटिकवर, पुन्हा पूर्वेकडेच. लंडनवरून मोजलं तर ही वाट सुमारे १६,४०० किलोमीटर भरते, म्हणजे दोऱ्याच्या मापापेक्षा हजारभर जास्त. तरी वारा पाठीशीच. युरोप मागे पडला तेव्हा माझ्या लक्षात आलं की जाताना पूर्वेकडे, येताना पूर्वेकडे, म्हणजे मी पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घालते आहे. चांगीला उतरल्यावर बोटांवर हिशेब केला. तेवढ्याच दिवसांत सिंगापूरला राहिलेल्यांपेक्षा मी एक सूर्योदय जास्त पाहिला होता.