पेसमेकर आहे म्हणून एमआरआय नाही?

पेसमेकर बसवणं सोपं गेलं. त्या जागेपुरती भूल, कॉलरबोनखाली छोटासा काप आणि नंतर काही आठवडे तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, एवढंच पथ्य. चक्कर थांबली, जिना एका दमात चढता येऊ लागला.

घोडं अडलं ते कंबरेच्या एमआरआयपाशी. फॉर्मवर पेसमेकरची खूण दिसताच "आमच्याकडे होत नाही" म्हणून फाइल परत सरकवली. पूर्वी नाही म्हणायला कारण होतं: चुंबकामुळे पेसमेकरचं काम बिघडू शकतं, लीडची, म्हणजे पेसमेकरपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारांची, टोकं तापू शकतात. पण आता बरेच पेसमेकर एमआरआय-कंडिशनल असतात, अटी पाळून तपासणी होते. माझाही तसाच होता. तरी काउंटरवर कुणी पेसमेकरचं कार्ड हातात घेऊन वाचेना, याचा राग अजून गेलेला नाही.

बरं, वाचलं तेव्हा नवी अडचण. नुसता पेसमेकर चालून भागत नाही, लीडही एमआरआयला चालणाऱ्या हव्यात, आणि कार्डावर लीडचे मॉडेल नंबरच नव्हते. ते ऑपरेशनच्या नोंदींतून काढून घेतले. पुढचा प्रश्न, प्रोग्रामर, म्हणजे पेसमेकरचं सेटिंग बदलायचं यंत्र, घेऊन तंत्रज्ञाला बोलवायचं कुणी? एमआरआयवाले म्हणत, हृदयविभाग बोलावेल. हृदयविभाग म्हणे, तारीख तिकडून येऊ दे. पेशंट मधल्यामध्ये! शेवटी पेसमेकर तपासणाऱ्या सिस्टरांनी स्वतः फोन करून दोघांची वेळ जुळवली. म्हणून सांगते, सुरुवातच पेसमेकर क्लिनिकपासून करा.

त्या दिवशी तंत्रज्ञाने छातीवर प्रोग्रामरचं वँड धरलं, एमआरआय मोड लावला आणि ठोके जरा जलद, अगदी एकसारखे पडायला लागलेले मला जाणवले. आत असताना ईसीजी आणि ऑक्सिजनवर नजर होती. बाहेर आल्यावर सेटिंग पूर्ववत केलं. ते झाल्याशिवाय घरी निघू नका, प्रिंटआउटही मागून घ्या.

मोबाइल पेसमेकरपासून १५ सेंटीमीटर लांब, दुसऱ्या बाजूच्या कानाला. मेटल डिटेक्टरच्या दारातून चालत जा, रेंगाळू नका. आणि कंबरेसाठी फिजिओथेरपी घेणार असाल तर पेसमेकरचं आधी सांगा. शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक आपल्याला चालत नाही.