पंतप्रधान शिष्यवृत्ती आणि कॉलेजची एक सही

मी माजी सैनिक. माजी सैनिकांच्या मुलांसाठी असलेली केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती माझ्या मुलीला मिळाली. मुलींना महिना 3000, मुलांना 2500. वर्षाचे पैसे एकदम खात्यात पडतात. ऑनलाइन फॉर्म, डिस्चार्ज बुकाचं (सैन्यातल्या सेवेच्या नोंदीचं पुस्तक) स्कॅनिंग, बेळगावातल्या सैनिक कार्यालयातली तपासणी, सगळं सरळ झालं. अडलं ते कॉलेजात.

बोनाफाईड बोर्डाच्या छापील नमुन्यातच लागतं. क्लार्कसाहेबांनी आपल्या लेटरहेडवर दोन ओळी टाइप करून दिल्या. हे चालत नाही म्हटल्यावर नमुना ट्रेमध्ये टाकला आणि "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉल मीटिंगला. मग सही झाली, पण क्लार्कचीच, शिक्क्यावर तिरकं 'करिता' लिहून, म्हणजे प्रिन्सिपॉलांच्या वतीनं. मुदत जवळ येत होती. मी आवाज चढवला तसे म्हणाले, "पेन्शन हाय, कँटीन हाय, आता पोरीच्या फीलाबी सरकारच पाहिजे काय?"

हे आमच्या खानापूर भागात पारावरही ऐकायला मिळतं. शेजारच्या गवंड्याची पोरगी हुशार आहे, तिला हे पैसे नाहीत, हे मलाही खटकतं. तिला वेगळी मदत मिळायलाच हवी. पण मराठा लाइट इन्फंट्रीतून पेन्शनवर आलो तेव्हा चाळिशीही झाली नव्हती आणि मुलगी तिसरीत होती. खर्च सगळा पुढेच होता. आज बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो. बदल्यांमुळे पोरीनं जम्मूत हिंदीत सुरुवात केली, इथं आल्यावर कन्नड. अशा पोरांना बारावीला 60 टक्क्यांची अट जड जाते, त्यावर मात्र पारावर कुणी बोलत नाही.

शेवटी मी थेट प्रिन्सिपॉलांच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसलो. बाईंनी कागद वाचला, सही केली, नावाचा आणि हुद्द्याचा शिक्का स्वतः मारला. चहा होईपर्यंत काम संपलं. इतका राग आला की आभार मानायचं सुचलं नाही.

अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा, दुसऱ्या वर्षी नव्यानं घेत नाहीत. नमुना भरून, पेन्सिलीनं सहीच्या जागी खूण करूनच न्या. बीएसएफ, सीआरपीएफवाल्यांनी इथं रांग लावू नये, त्यांची योजना वेगळी. आणि हो, खातं मुलीच्या नावाचं, आधार जोडलेलं हवं, हे आधीच सांगायला हवं होतं. दरवर्षी 50 टक्के टिकवले तरच पुढचा हप्ता, म्हणजे नूतनीकरणाला पुन्हा त्याच ऑफिसात जाणं आलं. यंदा क्लार्कच्या टेबलाकडे मी वळणारच नाही.