टी-३ घेऊन म्युनिक ते बोवेत्स: मोटरवे टाळून घाटाघाटाने

गाडी फोक्सवॅगन टी-३, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली जुनी व्हॅन, आतली मांडणी वेस्टफालिया कंपनीची: १.९ लिटरचं पेट्रोल इंजिन, ७८ अश्वशक्ती, वर उचलता येणारं टप आणि त्यात दुसरं अंथरूण. माणसं दोन. म्युनिकहून स्लोव्हेनियातल्या बोवेत्सला मोटरवेने एका दिवसात पोचता येतं, पण या गाडीला मोटरवे मानवत नाही. शंभरच्या पुढे ती पेट्रोल ढोसते, आत बोललेलं ऐकू येत नाही आणि मागचा ट्रक दिवे मारत राहतो. घाटाने गेलात तर मुक्काम वाढतात, पण ऑस्ट्रियाचं व्हिन्येट (टोलचा स्टिकर) लागतच नाही, कारण ते फक्त मोटरवे आणि द्रुतगती रस्त्यांसाठी असतं.

मार्ग असा: म्युनिकहून झीग्सडॉर्फपर्यंत तेवढं ए-८ मोटरवेने (जर्मनीत कारला टोल नाही), तिथे उतरून इन्झेल, श्टाइनपास, लोफर, झालफेल्डन, झेल आम झे, ब्रुक. पुढे ग्रोसग्लॉकनरचा टोलरस्ता, मग हायलिगेनब्लूट, विंकलर्न, ईझल्सबर्ग, ओबरड्राउबुर्ग, हेरमागोर आणि इटलीतलं तार्विझिओ. तिथून प्रेडेल खिंड (११५६ मीटर) ओलांडली की उतारावर बोवेत्स. नेव्हिगेशनला ‘टोल टाळा’ सांगू नका, नाहीतर ग्रोसग्लॉकनरही गाळला जाईल. झीग्सडॉर्फला उतरल्यावर ‘मोटरवे टाळा’ सांगा, आणि हेरमागोरनंतर पाट्यांकडे लक्ष ठेवा, नाहीतर ए-२ मोटरवेवर चढाल.

निघण्याआधी सगळ्यात जास्त वेळ कूलंटला (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याला) द्या. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे गाडीखालून लांबच लांब नळ्या गेल्या आहेत आणि त्यांत हवा अडकते. नंबरप्लेटमागची टाकी भरलेली दिसली की लोक निर्धास्त होतात. ती नुसती राखीव आहे. दाबाखालची खरी टाकी इंजिनाच्या कप्प्यात असते, तिची पातळी गार इंजिनावर बघा. कूलंट फॉस्फेट नसलेलं हवं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. नळी बदलली असेल तर हवा काढावीच लागते: गाडीचं नाक सुमारे ४० सेंटिमीटर उचला, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, जाळीमागचा रेडिएटरचा वरचा स्क्रू सैल करा, इंजिन दोन हजार फेऱ्यांवर धरा आणि बुडबुडे थांबेपर्यंत मागून कूलंट ओतत राहा. दोघांचं काम आहे, एकट्याने जमत नाही. मग खाली वाकून सिलिंडर हेडच्या जोडावर बॅटरी मारा. तिथे पांढरट-हिरवट खार साचलेला असेल तर रबरी सील गळतंय. ते ठीक केल्याशिवाय घाटाचं नाव काढू नका.

दुसरी भीती आगीची. इंजिनावरच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटाने वाकवून बघा. भेग दिसली तर सगळ्याच बदला, क्लिपांसकट. अग्निशामक चालकाच्या हाताशी हवा. मागच्या कपाटात ठेवलेला काय कामाचा!

ग्रोसग्लॉकनर १९३५ साली खुला झाला: सुमारे ४८ किलोमीटर, ३६ हेअरपिन वळणं, होखटोरपाशी २५०४ मीटर उंची. साधारण मे ते नोव्हेंबरची सुरुवात एवढाच काळ चालू, रात्री बंद. सकाळी गार हवेत फेरलायटनच्या नाक्यावर पोचा. पुढच्या १२ टक्के चढाला सेकंडमध्येच राहा. थर्डला रेटलं तर फेऱ्या पडतात, पाण्याचा पंप मंदावतो आणि गाडी तापते. शेजारच्याने तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा चढू लागला की काचा खाली करून हीटर पूर्ण सोडा. घाम निघतो, पण तो एक जादा रेडिएटरच आहे. लाल दिवा लुकलुकला तर थांबा आणि टाकीचं झाकण गार होईपर्यंत उघडू नका.

उतार जास्त वाईट. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. जुनं झालं की लांब उतारावर उकळतं आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर निघण्याआधी बदला. ज्या गिअरने चढलात त्यानेच उतरा. वास आला तर थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढू नये.

मुक्कामाचे नियम सीमेगणिक बदलतात. जर्मनीत थकवा घालवायला एक रात्र पार्किंगमध्ये झोपता येतं, खुर्च्या मांडायच्या नाहीत. इटलीत वाहतूक कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे फक्त चाकं जमिनीला टेकलेली असली आणि पाणी सांडत नसलं तर ते पार्किंग, कॅम्पिंग नव्हे. स्लोव्हेनियात मात्र सरळ कॅम्पसाइट गाठा. त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात दंड ठरलेला. ऑस्ट्रियातल्या बऱ्याच कॅम्पसाइटचं फाटक दुपारी एक ते तीन बंद असतं, त्याआधी पोचा. फोडणी बाहेर घाला, टपाचं कापड वास धरून ठेवतं.

विजेसाठी निळा तीन-पिनी कॅम्पिंग प्लग लागतो. सहा अँपिअरच्या जोडणीवर १३८० वॉटच मिळतात, दोन हजारांची किटली लावली की खटका पडतो. गॅसचा सिलिंडर बदलून घ्यायची पद्धत देशागणिक वेगळी, म्हणून भरलेला घेऊनच निघा. रेग्युलेटरवरचा आकडाही वाचा: जुन्या जर्मन गाड्यांत ५० मिलिबार, नव्यांत ३०. शेगडीवर तोच आकडा हवा.

बोवेत्सहून क्रान्स्का गोराला जाताना व्रशिच घाट (१६११ मीटर) लागतो. रस्ता पहिल्या महायुद्धातल्या रशियन युद्धकैद्यांनी बांधला. उत्तरेच्या उतारावरची वळणं दगडी फरसबंदीची आहेत, ओली असतील तर चालण्याच्या वेगाने घ्या.

भारतातून येणाऱ्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. तो मूळ लायसन्ससोबतच चालतो. गाडी भाड्याची असेल तर स्लोव्हेनियात न्यायला परवानगी आहे का, ते करारात बघा. पुढे दुब्रोव्हनिकला जायचं असेल तर क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटात) आहे, पण किनाऱ्यावरचा जुना रस्ता नेउमपाशी शेंगेनबाहेरच्या बोस्नियातून जातो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बोस्निया टाळणाऱ्या पेल्येशॅत्सच्या पुलावरूनच जा.