मुकादमाचा हिशोब

जुलैच्या सुरुवातीची गोष्ट. परिपाठ संपवून वर्गात आले तर मागोमाग एक आजोबा दारात. "बाई, लेकरू रोज नुसतं खेळून यायलंय. खेळायचंच असंल तर शेरडामागं धाडतो की! पाटी तर अजून कोरीच हाय."

बीड जिल्ह्यातल्या धारूरकडच्या डोंगरपट्ट्यात ही तक्रार दरवर्षी येते, आणि मला ती चुकीचीही वाटत नाही. ज्या घरात कुणी शिकलेलं नाही, तिथं पाटीवरचा 'अ' हीच शाळेची पावती. 2020 च्या शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, 'विद्याप्रवेश'मध्ये पहिलीचे पहिले 12 आठवडे खेळातून तयारी करून घ्यायची असते, हे त्यांना सांगून काय उपयोग? म्हटलं, "आत या, बसा घडीभर."

वर्गात कोपऱ्याकोपऱ्यात डाव रंगले होते. बाहुलीला सलाईन लागलं होतं. आजोबांचा नातू काड्यांपाशी. त्यानं दोघांना कामाला जुंपलेलं. एक काड्या आणून टाकतोय, दुसरा सुतळीनं बांधतोय. "ए, मोळी ढिली बांधू नगं, गाडीतून सांडंल!" प्रत्येक मोळी तो सोडून मोजायचा. दहा भरल्या तर खडूच्या रिकाम्या खोक्यात, म्हणजे ट्रॉलीत. नऊ निघाल्या की परत. दहाचं माप तेवढं मी दिलं होतं, बाकी सगळं उसाच्या फडातून आलेलं.

साहित्याच्या पेटीत रंगीत ठोकळे असतात, छान असतात. पण तपासणीला काही कमी भरायला नको म्हणून पेटीच कुलपात राहिलेली मी पाहिलीय. काड्यांचा हिशोब कुणी मागत नाही.

मग नातू मुकादम झाला, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणारा, आणि त्यानं पगार काढला, चिंचोक्यांचा. एक पोरगी म्हणाली, "माझी उचल किती राहिली?" उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, कामातून फेडायचे.

"धा घेतलीस, सहा फिटली." पुढं गाडी अडली. उत्तर माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, पण गप्प बसले. त्यानं दहा चिंचोके मांडले, सहा बाजूला सरकवले, उरलेले बोटानं दाबत मोजले. "चार. पुढच्या साली बी यावं लागतंय तुला."

मी हळूच आजोबांना म्हणाले, "पुढं गणिताच्या पुस्तकात दशक येतो, तो ह्या मोळीसारखाच. आणि आत्ता केली ती वजाबाकी." त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं.

"ह्याला उचलीचं कुणी सांगितलं?"

"मी नाही."

"कोपीवर रात्री तेच बोलणं असतंय," ते म्हणाले. कोपी म्हणजे ऊसतोडीवरची झोपडी. जरा वेळ ते नातवाकडं बघत राहिले. मग परत मूळ पदावर आले. "ते समदं खरं. पण लिवायला कवा यील?"

"दिवाळीपर्यंत स्वतःचं नाव लिहील."

"दिवाळीला तर ते आईबापासंगं कारखान्यावर असतंय, बाई."

तेही बरोबरच होतं. आईबाप ऊसतोडीला गेले की गावात मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, दोन वेळचं जेवण मिळतं, हे मी सांगितलं. त्यांना ते माहीत होतं.

"जेवण मिळंल वो. पण आईबिगर झोपत नाही ते."

शेवटी त्याच्या आईशीच बोलायचं ठरलं. सध्या ती खुरपायला जाते, संध्याकाळी सातनंतर घरी सापडते.